आकड्याखालची रेघ

आजचा विषय ऐकून निम्मी मंडळी इथूनच मागे फिरतील याची मला पूर्ण कल्पना आहे. विषय आहे नकाशावरची मापं. म्हणजे घराच्या प्लॅनवर दोन बाणांच्या मध्ये ३०५० की काय असा आकडा लिहिलेला असतो ना, तो. तो आकडा केवढ्या उंचीचा असावा, बाण केवढा असावा, आणि तोच प्लॅन १:१०० ऐवजी १:५० ला छापला तर त्या आकड्याचं काय व्हावं, एवढंच. यात लिहिण्यासारखं काय आहे? मलाही गेल्या वर्षापर्यंत असंच वाटायचं. माझी नोकरी बँकांच्या सॉफ्टवेअरची. ऑटोकॅड मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला एका सबमिशनपुरतं पाहिलेलं, तेही शेजारच्याच्या खांद्यावरून.

पण माझी मामेबहीण आर्किटेक्ट आहे. साताऱ्यात तिचं छोटं ऑफिस आहे. ती स्वतः, दोन ड्राफ्ट्समन आणि एक प्लॉटर. प्लॉटर रुसला की ताई मला फोन करते, कारण आमच्या खानदानात 'कॉम्प्युटरवाला' मीच. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला तो मात्र प्लॉटरसाठी नव्हता.

झालं होतं असं. एका बंगल्याचं काम चालू होतं. मालकांना जिना जरा रुंद हवा झाला. ९१५ मिलिमीटरचा, म्हणजे तीन फुटी, तो १०५० करायचा ठरला. संध्याकाळी साइटवर प्रिंट द्यायचे होते. ऑफिसातल्या मुलाने जिन्याच्या मापावर डबल क्लिक केलं, ९१५ च्या जागी १०५० टाइप केलं आणि प्रिंट काढले. रेषा उद्या सरकवू म्हणाला. उद्या दुसरंच काम येऊन पडलं.

प्रिंट गेला साइटवर, आणि तीच फाइल ईमेलने गेली आरसीसी कन्सल्टंटकडे. तिथल्या लोकांनी कॉलम कुठे येणार ते फाइलमधल्या रेषांवरून मोजलं, जसं सगळेच मोजतात. गवंड्याने भिंत कागदावरच्या आकड्यावरून बांधली, जसे सगळेच बांधतात. कॉलम ९१५ च्या हिशोबाने उभे, भिंत १०५० च्या. भिंत कॉलमच्या ओळीतून १३५ मिलिमीटर बाहेर, म्हणजे सव्वापाच इंच, आणि ते सव्वापाच इंच गेले शेजारच्या टॉयलेटमधून. चौकट बसवायला सुतार आला तेव्हा कळलं. गवंड्याने आधी विचारलं नव्हतं असंही नाही. "नकाशात १०५० लिहिलंय ना? मग झालं," असं उत्तर त्याला साइटवरच मिळालं होतं.

भिंत पाडली, पुन्हा बांधली. खर्च ताईने आपल्या फीमधून वळता केला. पैशाचं तिला फार वाटलं नाही. पण त्याच मालकांच्या भावाचा प्लॉट तिच्याकडे यायचा होता, तो दुसरीकडे गेला. साताऱ्यासारख्या गावात अशी बातमी चहाच्या टपरीवर आधी पोचते. "हे पुन्हा होणार नाही असं तुला काही करता येईल का?" असं ती मला फोनवर म्हणाली. आणि मी हो म्हणून बसलो.

त्यानंतरचे बरेच शनिवार-रविवार मी हा विषय चघळतोय. थोडक्यात सांगायचं तर नकाशावरचं माप ही एक वस्तू दिसते, पण आत दोन वस्तू आहेत. एक म्हणजे अंतर, ते घराचं असतं. आणि दुसरी म्हणजे अक्षर, ते कागदाचं असतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांचं असतं. कागद बदलला तर अक्षर बदलायला हवं, अंतराला हात लागता कामा नये. घर बदललं तर अंतर बदलायला हवं, आणि आकडा आपोआप त्याच्यामागे जायला हवा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट रोजची: माहिती वेगळी, ती दाखवणं वेगळं. पण ड्रॉइंगमध्ये या दोघांची फारकत करायला ऑटोकॅडला किती वर्षं लागली ते पाहून मी चाट पडलो.

त्याआधी मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे ताईचे वडील. पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागले आणि हेड ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झाले. कालवे, पाट, बंधारे, गेट. सगळं ट्रेसिंगवर, शाईने. त्यांच्या टेबलाचा ड्रॉवर मी लहानपणी कितीदा तरी उपसलाय. त्यात सेटस्क्वेअर, अक्षरांच्या हिरव्या पट्ट्या, पेनांचा संच, आणि खोडायला अर्धं ब्लेड. शाईची रेघ चुकली की ब्लेडच्या धारेने ती खरवडायची, मग नखाने ती जागा घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची शाई फुटते.

हाताने काढताना ही स्केलची भानगडच नव्हती. कागदावर १:१०० ने घर काढायचं, म्हणजे घर लहान करायचं. अक्षर तर कागदावर जेवढं हवं तेवढंच काढायचं. घर स्केलपट्टीने मोजायचं, अक्षर पट्टीच्या खाचेतून काढायचं. दोन वेगळी अवजारं, त्यामुळे दोघांची गल्लत व्हायचं कारणच नाही. आणि अक्षरांच्या उंचीतही एक गंमत आहे. आयएसओच्या प्रमाणानुसार उंच्या अशा: १.८, २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर. प्रत्येक पुढची उंची आधीच्याच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी पट. ए३ कागदाची बाजू ए४ च्या जेवढी पट, तेवढीच. म्हणजे ए३ वरचं ड्रॉइंग ए२ वर मोठं केलं की २.५ चं अक्षर बरोबर ३.५ चं होतं. पेनांची जाडीही त्याच पटीत, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. म्हणजे मोठ्या केलेल्या ड्रॉइंगवर पुढच्या नंबरचं पेन घेऊन दुरुस्ती केली तर ती ओळखूसुद्धा येत नाही. हे ज्याने कुणी ठरवलं त्याला माझा नमस्कार. मामांना यातलं वर्गमूळ वगैरे माहीत नव्हतं. "बसतंय ना बरोबर? मग झालं," इति मामा.

आता कॉम्प्युटर. ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस आलं, आणि त्याने सगळ्यात मोठी क्रांती केली ती ही, की घर खऱ्या मापाने काढायचं. बारा मीटरची भिंत म्हणजे १२००० मिलिमीटरचीच रेघ. लहान करायचं ते छापताना. उत्तम! पण मग अक्षराचं काय? घराएवढ्या ड्रॉइंगमध्ये २.५ मिलिमीटरचं अक्षर म्हणजे भिंतीवरची मुंगी. १:१०० ला छापल्यावर तर शाईचा ठिपकाही पडणार नाही. म्हणून अक्षर उलट मोठं करायचं. १:१०० ला छापायचं तर शंभर पट, म्हणजे २५० मिलिमीटर. वीतभर उंच आकडे घराच्या बाजूला उभे करायचे, की छापताना ते २.५ चे होतात. या पटीला नाव आहे डिमस्केल. १:१०० साठी १००, १:५० साठी ५०, जिन्याच्या १:२० च्या डिटेलसाठी २०.

इथेच मेख आहे. कागदाची गोष्ट घरात आली. एकाच जिन्याला १:१०० च्या प्लॅनमध्ये वेगळी मापं आणि १:२० च्या डिटेलमध्ये वेगळी. दोन थर, दोन स्टाइल, एक दाखवायचा तेव्हा दुसरा लपवायचा. घर एक, पण त्याच्या मापांचे संच तीन. एक बदलला आणि दोन राहिले, असं व्हायला कितीसा वेळ लागतो?

ऑटोडेस्कने यावर टप्प्याटप्प्याने उपाय काढले. १९९० च्या रिलीज ११ मध्ये पेपर स्पेस आली. घर एका खोलीत, कागद दुसऱ्या खोलीत, आणि कागदाला पाडलेली खिडकी म्हणजे व्ह्यूपोर्ट, तिच्यातून घर दिसतं. ऑटोकॅड २००० मध्ये एका फाइलमध्ये हवे तितके कागद, म्हणजे लेआउट, ठेवता येऊ लागले. २००२ च्या आवृत्तीत माप वस्तूला खऱ्या अर्थाने चिकटलं. त्याआधी रेघ ताणताना मापाची टोकंही आठवणीने सोबत पकडावी लागत, आता रेघ हलली की आकडा आपण होऊन बदलतो. तेव्हापासून मापं थेट कागदावर, खिडकीच्या काचेवर लिहावीत तशी, टाकता येतात आणि तरी ती आतल्या घराचं खरं अंतर सांगतात. आणि २००७ मध्ये आलेल्या २००८ च्या आवृत्तीत ॲनोटेशन स्केल. आता स्टाइलला फक्त सांगायचं की कागदावर अक्षर ३.५ चं हवं. माप एकच, पण त्याला १:१००, १:५०, १:२० अशी जी स्केलं जोडाल तिथे तिथे ते आपला आकार घेऊन उभं राहतं. १:५० च्या खिडकीत आकडा भिंतीवर चढत असेल तर तेवढ्याच खिडकीपुरता तो बाजूला सरकवताही येतो. पंचवीस वर्षं लागली, पण अक्षर परत कागदाचं झालं!

हे सगळं वाचून, व्हिडिओ पाहून, मी मोठ्या उत्साहात ताईच्या ऑफिसात गेलो. पहिली फाइल उघडली. डायमेन्शन स्टाइलची यादी उघडली. ६३ स्टाइल. 'डिम१००', 'डिम-१००-नवीन', 'डिम-१००-फायनल', 'कॉपी ऑफ कॉपी ऑफ आयएसओ-२५', आणि एकीचं नाव चक्क 'साहेब'. साहेब कोण ते ऑफिसात कुणालाच माहीत नाही. कुठल्या तरी जुन्या फाइलमधून दरवाजा कॉपी केला, त्याच्याबरोबर साहेब आले आणि राहिले.

या कॉपीचीही एक खोड आहे, ती इथे सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दुसऱ्या ड्रॉइंगमधून काही चिकटवलं आणि दोन्हीकडे एकाच नावाची स्टाइल असेल तर ज्या घरात पाहुणा आला त्या घरचे नियम चालतात. पाहुण्याची स्टाइल गपचूप टाकून दिली जाते. आयएसओ-२५ हे नाव मेट्रिकच्या प्रत्येक नव्या फाइलमध्ये असतंच, आणि प्रत्येक ऑफिसने ते आपापल्या परीने बदललेलं असतं. त्यामुळे कन्सल्टंटकडून आलेलं डिटेल आपल्या फाइलमध्ये टाकलं की त्याचे आकडे एकदम हत्तीएवढे नाहीतर मुंगीएवढे. मग मुलं काय करतात? फोडतात. एक्सप्लोड. आकडा म्हणजे नुसता मजकूर, बाण म्हणजे नुसती रेघ. दिसायला छान. पण आता ते माप राहिलंच नाही, नुसतं मापाचं चित्र झालं. म्हणून उपाय सोपा: आयएसओ-२५ ला हात लावायचा नाही, आपल्या स्टाइलला ऑफिसचं नाव द्यायचं.

दुसरी भानगड मामांनी पकडली. मामा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दुपारी ऑफिसात येऊन बसतात, भिंग घेऊन प्रिंट वाचतात. कुणी सांगितलेलं नसतं, पण सवय. मापांची साखळी दिसली की तोंडातल्या तोंडात बेरीज करतात आणि बाहेरच्या एकूण मापाशी ताडून पाहतात. त्या दिवशी मला म्हणाले, "अरे, तुझा कॉम्प्युटर बेरीज शिकलेला नाही काय?" तीन गाळे, प्रत्येकी १५००. एकूण ४४९५.

मी आत पाहिलं. प्रत्येक गाळा १४९८ चा काढलेला होता, तिघांचे मिळून ४४९४. आणि स्टाइलमध्ये कुणीतरी कधीकाळी राउंडिंग ५ ठेवलेलं. १४९८ चे १५०० झाले, ४४९४ चे ४४९५. प्रत्येक आकडा आपापल्या जागी नियमाप्रमाणे बरोबर, आणि साखळी तुटलेली. साइटवर पाच मिलिमीटर कुणी विचारत नाही हे खरं, प्लास्टरमध्ये जातात. पण ते राउंडिंग काय झाकत होतं ते पाहा. रेषा टोकाला टोक न जुळवता, अंदाजाने काढलेल्या होत्या. राउंडिंग काढून टाकलं तर १४९८ दिसला असता, आणि काढणाऱ्याने तिथल्या तिथे दुरुस्त केला असता. स्टाइल म्हणजे नुसतं रंगरूप असं मी समजत होतो. ती आकड्यावरही पावडर लावू शकते हे मला मामांच्या बेरजेमुळे कळलं.

त्यांना मी त्या जिन्याच्या प्रकाराबद्दलही विचारलं. तुमच्या काळी असं होत नव्हतं का? आकडा बदलला आणि रेघ तशीच राहिली, असं? मला वाटलं म्हणतील, आमच्या काळी असं चालत नसे. तर म्हणाले, "रोज व्हायचं. शाईचं ट्रेसिंग आहे, अख्खं गेट खरवडून काढणार काय? आकडा बदलायचा आणि त्याच्या खाली रेघ मारायची."

रेघ?

"आकड्याखाली जाड रेघ. म्हणजे हा आकडा खरा, पण चित्र त्या मापाचं नाही. वाचणाऱ्याने पट्टी लावायची नाही. शाळेत शिकवतात की."

घरी येऊन शोधलं. खरंच आहे. इंजिनीअरिंग ड्रॉइंगचं प्रमाण तेच सांगतं: जे माप स्केलला धरून नाही त्याच्या आकड्याखाली सरळ जाड रेघ मारावी. म्हणजे त्या मुलाने केलं त्यात नवीन काहीच नव्हतं. घाईत आकडा बदलणं हे ड्राफ्ट्समनच्या धंद्याइतकंच जुनं आहे. कागदावर ती घाई दिसायची, तिला एक खूण होती. ऑटोकॅडमध्ये १०५० हा टाइप केलेला आकडा आणि १०५० हा मोजलेला आकडा यांत डोळ्याला काडीचाही फरक नाही. वरून पुढे कधी रेघ सरकवली तरी टाइप केलेला आकडा ढिम्म हलत नाही. २००२ साली केवढ्या हौसेने माप वस्तूला चिकटवलं, त्या सगळ्यावर एका डबल क्लिकने पाणी.

पण सॉफ्टवेअरला खरं माहीत असतं! हे मला दुसऱ्या शनिवारी कळलं आणि मी जवळजवळ ओरडलोच. फाइलमध्ये प्रत्येक मापाजवळ दोन नोंदी असतात. क्रमांक १ च्या खणात कुणी हाताने मजकूर टाइप केला असेल तर तो, आणि क्रमांक ४२ च्या खणात प्रत्यक्ष मोजलेलं अंतर. पहिला खण रिकामा असेल किंवा त्यात <> ही खूण असेल तर मोजलेला आकडा छापला जातो, दुसरं काही असेल तर ते जसंच्या तसं. ताईच्या त्या फाइलमध्ये एका खणात १०५० होतं आणि दुसऱ्यात ९१५, शेजारीशेजारी, इतके दिवस. विचारायलाच कुणी गेलं नव्हतं.

मग लिस्प लिहिलं. ऑटोलिस्प ही कंसांची भाषा, कॉलेजात आम्ही जिची टिंगल करायचो, तिने वीस-पंचवीस ओळींत काम केलं. (ताईकडे ऑटोकॅड एलटी आहे. एलटीमध्ये लिस्प चालायला लागलं ते २०२४ च्या आवृत्तीपासून, त्यामुळे एका मशीनवरची जुनी आवृत्ती आधी बदलावी लागली.) ड्रॉइंगमधली सगळी मापं गोळा करायची, पहिल्या खणात हाताचा मजकूर आहे का बघायचं, त्यात <> नसेल तर ते माप यादीत घ्यायचं. "<> क्लिअर" असं लिहिलेलं चालतं, कारण आत आकडा मोजलेलाच येतो.

चालू असलेल्या सात कामांवर ते चालवलं. हाताने बदललेली मापं निघाली ८३. त्यातली ३१ निरुपद्रवी, 'समान', 'साइटप्रमाणे' अशा मजकुराची. उरली ५२. त्यांतल्या ३८ मध्ये फरक एक-दोन मिलिमीटरचा, म्हणजे २९९८ बरं दिसत नाही म्हणून कुणीतरी ३००० टाइप केलेलं. आणि १४ खरोखरची वेगळी. त्यांतलं एक एका दवाखान्याच्या दारात होतं. स्ट्रेचर आत यायला हवं म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम रुंद करून घेतलेलं दार. आकडा १२०० आणि रेघ ९००. तो प्रिंट सोमवारी साइटवर जायचा होता. ताई काही बोलली नाही. उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि मग त्या मुलाला हाक मारून म्हणाली, "ये, बस इथे. हे आपण दोघं मिळून करू." तो पोरगा वाईट नाही हो. दिवसाला आठ प्रिंट मागितले तर कुणीही डबल क्लिकच करील.

स्टाइलचं काम त्यापुढे सोपं होतं, पण त्यातही थोडी डोकेफोड झाली. कंत्राटदार ए१ चा प्रिंट जपून घरी ठेवतो आणि साइटवर झेरॉक्सच्या दुकानातून ए३ काढून नेतो. ए१ चं ए३ म्हणजे बरोबर निम्मं. २.५ चं अक्षर १.२५ चं होतं, ते उन्हात कोण वाचणार? म्हणून आम्ही कागदावरची उंची ३.५ धरली. निम्मी झाली की १.७५, म्हणजे प्रमाणातल्या सगळ्यात लहान १.८ च्या जवळ. मामांच्या त्या पट्ट्यांचं गणित इथे कामाला आलं. आणि निम्म्या कागदावर १:१०० चं १:२०० होतं, म्हणून नकाशात स्केल लिहिताना कागदाचं नावही लिहायचं आणि खाली एक काढलेली पट्टी ठेवायची. कागदाबरोबर तीही लहानमोठी होते, त्यामुळे ती कधी खोटं बोलत नाही.

आता ऑफिसची एकच ॲनोटेटिव्ह स्टाइल आहे, तिची एक बहीण मिलिमीटरच्या शेजारी चौकटी कंसात फूट-इंच दाखवते. ती साइटच्या प्रिंटसाठी. गवंडी आणि सुतार अजून इंच आणि सुतात बोलतात, इंचाचे आठ सूत, आणि त्यांना २२८.६ सांगून काय होणार? त्यांच्या भाषेत ती नऊ इंची भिंत. स्केलच्या यादीतून १:१००, १:५०, १:२० आणि साइट प्लॅनचं १:५०० ठेवून बाकी सगळी काढली. खिडक्यांना कुलूप, म्हणजे व्ह्यूपोर्ट लॉक, हे तर पहिल्याच दिवशी. माउसचं चाक जरा फिरलं की १:५० चं १:५३ होतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

ॲनोटेशन स्केलबद्दल सगळं गोडगोड सांगितलं असं नको, म्हणून हेही सांगतो. त्याचे दोन जाच आहेत. एक म्हणजे, मापाला ज्या स्केलची जोड दिलेली नाही त्या स्केलच्या खिडकीत ते दिसतच नाही. आत मॉडेलमध्ये सगळी दिसत असतात, कारण तिथे 'सगळं दाखवा'चं बटण चालू असतं, आणि प्रिंटवर चार मापं गायब. चुकीच्या मापापेक्षा नसलेलं माप परवडलं, निदान गवंडी फोन तरी करतो. दुसरं म्हणजे, स्केल आपोआप जोडण्याचं एक बटण आहे. ते चालू ठेवून कुणी सहज चार स्केलं बदलून पाहिली की प्रत्येक मापाला ती चारही चिकटतात, आणि फाइल फुगत जाते. ते बटण आमच्याकडे आता बंद असतं. आणि जुन्या फाइलमध्ये नुसती स्टाइल ॲनोटेटिव्ह केली म्हणून आधीची मापं ॲनोटेटिव्ह होत नाहीत, ती वेगळी अपडेट करावी लागतात. हे कळेपर्यंत एक अख्खा रविवार गेला.

लिस्पमध्ये शेवटी एक भर घातली. प्रिंट काढायच्या आधी ते आपोआप चालतं आणि हाताने बदललेल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मारतं. आकडा बदलायला बंदी नाही. घाई असते, मालक समोर बसलेले असतात, हे सगळं मान्य. पण रेघ येणार. आरसीसीवाल्यांना ताईने एका ओळीची चिठ्ठी पाठवली की रेघवाल्या मापांपाशी आम्हाला विचारल्याशिवाय फाइल मोजू नका.

मामांना पहिला प्रिंट दाखवला तेव्हा त्यांनी भिंग लावून दोन रेघवाले आकडे शोधले आणि म्हणाले, "रेघ जरा बारीक आहे. जाड पाहिजे." ती जाड करायला अजून जमलेलं नाही, कारण मापाच्या मजकुराला अधोरेखित करता येतं पण त्या रेघेची जाडी वेगळी देता येत नाही. वेगळी रेघ काढून मापाला बांधावी लागेल. मग कालव्याच्या सेक्शनचा विषय निघाला. तिथे उभं स्केल आडव्याच्या दहा पट ताणलेलं असतं, म्हणजे उभ्या मापांना ०.१ चा गुणक दिलेली वेगळीच स्टाइल लागणार. "तुम्ही हाताने कसं करत होता?" असं विचारलं तर त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्याच प्रिंटच्या मागे काढून दाखवायला सुरुवात केली. तो कागद माझ्याकडे आहे. मल्टिलीडरचं घोंगडं मात्र अजून भिजतच पडलंय, ते पुढच्या रविवारी.